सुईचा वाटा

चंद्रपूर
११ जानेवारी २००४

प्रिय देवानंद,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते. बाकीचं नंतर.

१. नोव्हेंबरात आमच्या प्रयोगशाळेने तीन वस्त्यांतून रक्ताचे नमुने घेतले. धानोऱ्यापलीकडचा गोंडांचा टोला, कुरखेड्याजवळचं कुणब्यांचं गाव आणि आपला ढिवर मोहल्ला.
२. तपासणी एकाच आजाराची होती: हिपॅटायटिस सी. ही कावीळ असली तरी बहुतेकांना पिवळं करत नाही. यकृतात वीस-वीस वर्षं गप्प बसून राहते. कोणत्या जमातीत ती किती आहे, हे पाहायचं होतं.
३. शंभर माणसांमागे टोल्यावर एक निघाला, कुणब्यांत दोन, आपल्याकडे एकोणीस.
४. हा तक्ता फेब्रुवारीअखेर वर जाईल. त्यात आज एकच रकाना आहे: जमात.
५. मला वाटतं कारण जमात नाही, सुई आहे. ते दाखवायला मोहल्ल्यात जन्मलेली, पण कधीच सुई न घेतलेली मोठी माणसं लागतात. अशी चार सापडली. चौघांचंही रक्त स्वच्छ आहे.
६. पाचवा तू. शिबिराच्या दिवशी तू डोंग्यात बसून तलावाच्या मधोमध होतास.

सहावा मुद्दा लिहिताना मला हसू आलं. मच्छीमार सोसायटीचा सचिव, तिशीला टेकलेला माणूस, आणि शाळेच्या व्हरांड्यात आम्ही टेबल मांडेपर्यंत पाण्यात पसार. लोक बुजू नयेत म्हणून मोहल्ल्यातलं पहिलं रक्त मी माझंच दिलं होतं, सगळ्यांच्या देखत. मग रांग लागली. तुझी आई, आमची गुणामामी, कोपरावर कापूस दाबत माझ्याजवळ आली आणि तलावाकडे हात करून म्हणाली, "पाह्य ना वो बाई, एवढा घोडा झाला तरी सुई दिसली का पान्यात पळते." रांगेतून कोणीतरी ओरडलं, "सुईले नाई भेत वो गुणाबाई, सुईवालीले भेते!" सगळा व्हरांडा हसला. मी नळ्यांवर नंबर चिकटवत राहिले. तुझा डोंगा दूर होता, काडीएवढा, आणि पाणी इतकं स्थिर होतं की तो हवेत ठेवल्यासारखा वाटत होता.

इथे माझी खोली परकोटाच्या आत आहे. या दिवसांत सकाळी वीजकेंद्राचा धूर आणि धुकं एकमेकांत मिसळून खाली उतरतात. परकोटाची भिंत पायथ्याशी विरघळते आणि वरचा भाग नुसता तरंगत राहतो. ऑटो दिसत नाहीत, त्यांचे दिवे दिसतात, हळूहळू सरकणारे. अशा वेळी क्षणभर मी तलावाच्या बांधावर, आपल्या पाळीवर उभी आहे असं वाटतं. कुठूनतरी जाळ्याची शिशाची वजनं पाण्यात पडल्याचा आवाज येईल म्हणून मी थांबते. मग कोळशाचा वास येतो आणि मी चंद्रपुरात परत येते. प्रयोगशाळेतही असंच होतं. रक्त नळीत उभं ठेवलं की लाल तळाशी बसतं आणि वर पिवळसर निवळ पाणी येतं. आम्ही तपासतो ते हे पाणी. नळी उजेडाकडे धरली की तिच्यात दुपार कलल्यावरचा हिवाळ्यातला तलाव दिसतो. टोल्यावरच्या नळीतही तोच, कुणब्यांच्या नळीतही तोच.

आमच्या सरांबद्दल आधी सांगते, कारण तू त्यांच्यावर चिडशील. ते वाईट माणूस नाहीत. त्यांची अपेक्षा होती की टोल्यावर जास्त निघेल, कारण तिथल्या बाया अंगभर गोंदवून घेतात आणि गोंदणारीची सुई एकच असते. तसं निघालं नाही. मग ते म्हणाले, ढिवर आपसांतच लग्नं करतात, रक्तातच काही असेल, पुढे कोणी शोधेल, आपण आकडा देऊ. मी म्हटलं, आपसांतच तर गोंडही करतात आणि कुणबीही. ते म्हणाले, मग कारण दाखव. सुई न घेतलेले जितके मिळतील तितके आण, मी दुसरा रकाना घालतो आणि तो पहिल्या जागी घालतो. त्यांनी 'दाखव' म्हटलं, 'गप्प बस' म्हटलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते.

रकाना कोणता असावा याने काय फरक पडतो, हे मला इथे बसून कळलं नव्हतं. आईने कळवलं. आकडा कसा फुटला ठाऊक नाही, बहुधा आमच्याच गाडीतून फुटला. कुरखेड्याच्या बाजारात आईच्या टोपलीसमोर एक बाई पदर नाकाला लावून दुसरीला म्हणाली, "ढिवराची मासोळी नोको घेऊ वो, काविळीची हाय." आई म्हणाली, "मासोळीले कावीळ होते का वो? होत असन तं बरं हाय, तुई हळद वाचली." बाजार हसला. पण टोपली अर्धी परत आली. आणि तुझ्या बहिणीला, रोशनीला, पाहायला येणारे पाहुणे आलेच नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तक्ता वर गेला, छापला गेला, की तोच आकडा नावासकट परत खाली येईल. मग आईचा विनोद पुरणार नाही.

सुईचा विचार मला हिशेबातून सुचला नाही. एका सकाळी धुक्याकडे पाहताना पाळीवरचा वाट्याचा दिवस डोळ्यांसमोर आला, त्यातून सुचला. तुला त्याची आठवण करून द्यायची गरज नाही, पण मला लिहायचं आहे. शिमग्याच्या आधी पाणी कमरेपर्यंत उतरलं की सगळा मोहल्ला मिळून जाळं ओढायचा. सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत सगळे गडी पाण्यात, आणि बायका-पोरं पाळीवर. मग पळसाची पानं पसरून मुखरू आजा मासोळीचे ढीग घालायचे. जितकी घरं तितके ढीग. एकट्या विधवेचाही, मजुरीला बाहेरगावी गेलेल्याचाही. आणि मला पाण्याकडे तोंड करून उभं करायचे, पाठ ढिगांकडे. आजा एका ढिगावर काठी टेकवून विचारायचे, "हा कोनाचा?" मी न पाहता एका घराचं नाव घ्यायची. कोणाच्या वाट्याला हातभर मरळ यायचा, कोणाच्या नुसते झिंगे, तरी कोणी चकार शब्द काढायचं नाही, कारण पोरीने पाहिलेलं नसायचं. माझ्यासमोर फक्त पाणी आणि त्यात उलटं पडलेलं आभाळ असायचं. मागे ओल्या पानांचा वास, माशांची शेवटची फडफड, काठीचा आवाज. मला वाटायचं तो प्रश्न आजा विचारत नाहीत, पाण्यातून कोणीतरी विचारतं.

त्याच दिवशी भैयाजी सायकलवरून यायचे. त्यांना आपण डॉक्टर म्हणायचो. ते डॉक्टर नव्हते, पण आपल्याकडे येणारं दुसरं कोणी नव्हतंही. गार पाण्यात उभं राहून अंग मोडलेल्यांना ते ताकदीची लाल सुई द्यायचे. काचेची एक पिचकारी, एक सुई, सकाळी घरून उकळून आणलेली. आई सांगते, पहिल्या वर्षी ती दोघा-चौघांनाच मिळाली आणि मोहल्ल्यात कुरबुर सुरू झाली. मासोळीचा वाटा सगळ्यायले, मंग सुईचा काऊन नाई? मुखरू आजांना ते पटलं. तेव्हापासून एक मोठा ढीग भैयाजींचा, आणि त्याच्या बदल्यात लाल औषध माणसागणिक, थोडं थोडं, सगळ्यांना. तापलेल्याला आणि धडधाकटालाही, म्हाताऱ्याला आणि अंगावरच्या पोरालाही. जो राहील त्याच्यावर अन्याय. सुई बोथट झाली की भैयाजी ती पाळीवरच्या दगडावर घासून घ्यायचे आणि पुढच्याचा दंड हातात धरायचे. त्यांचा हात फार हलका होता. मला अजून आठवतं, त्यांच्या मिशांना मोहाच्या तेलाचा वास यायचा.

आणि तू डोंगा घेऊन मधोमध. दर वर्षी. मी दहा वर्षांची असेन त्या वर्षी पिचकारी भरलेली होती, तुझं नाव आलं होतं, आणि गुणामामी पाळीवरून हातवारे करत होती, "ये रे इकडे मुडद्या, तुया वाटा वाया चालला!" तू वल्हं पाण्यात धरून नुसता बसून होतास. मुखरू आजा म्हणाले, वाटा वाया जात नसते, घ्या कोनी. माझा एक दंड आधीच टोचून झाला होता. मी दुसरा पुढे केला. दोन्ही दंड सुजले आणि दोन दिवस मला विहिरीवर जावं लागलं नाही. संध्याकाळी तू काठाला लागलास तेव्हा मला कमळाचं एक मूळ दिलंस, चिखलासकट. का दिलंस ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आपल्यात तेव्हापासून हे असंच आहे.

टोल्यावर भैयाजी कधी गेले नाहीत. मधे नदी होती आणि तेव्हा रस्ता नव्हता. कुणब्यांकडे ते घरोघर जायचे. कोणाच्याही घरी चूल पेटलेलीच असायची, बाया आधी पाणी उकळून द्यायच्या, म्हणून तिथे त्यांची सुई दर घरी उकळली जायची. आपल्याकडे चूल नव्हती, पाळ होती, आणि आपण सगळे एकत्र होतो. हे मी आईला, तिथल्या म्हाताऱ्या बायांना विचारून लिहिते आहे. सिद्ध झालेलं नाही. ज्या चौघांचं रक्त स्वच्छ निघालं त्यांत दोघी म्हाताऱ्या आहेत, अंगात देवी येते म्हणून लोखंड टोचून न घेणाऱ्या. दोघं भाऊ आहेत, जे लहानपणापासून आजोळी राहिले आणि मोठे होऊन परतले. रक्त त्यांचंही ढिवराचंच आहे. भैयाजींचं नाव मी कुठे लिहिणार नाही. ते वारले, आणि माझ्या जन्माच्या वेळी भर पावसात ते आईसाठी सायकल खांद्यावर घेऊन नाला ओलांडून आले होते. राग धरायला कोणी सापडत नाही, देवानंद. आपण एकमेकांना वाटून द्यायला कधी विसरलो नाही, एवढंच झालं.

तू म्हणशील, चाराचे पाच झाल्याने काय होतं? बरोबर आहे. गणितात फार काही होत नाही. सरांना हे मीच सांगितलं. ते म्हणाले, तरी आण. मीही म्हणते, तरी ये. पण माझ्या म्हणण्याचं एक कारण तक्त्यात बसत नाही, ते आता लिहिते.

तपासताना नळीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. तपासणाऱ्याचं मन कोणाकडे झुकू नये म्हणून. एका थाळीत शहाण्णव बारीक खळगे असतात. शेवटचं औषध घातलं की ज्यात आजाराची खूण असते तो खळगा पिवळा होतो, बाकीचे पाण्यासारखे राहतात. वरून पाहिलं तर पावसाळ्यानंतर धानाच्या बांध्यांमध्ये चकाकणाऱ्या लहान तळ्यांसारखे, आपल्या बोड्यांसारखे दिसतात, काही नुसत्या आभाळाच्या, काहींत हळद कालवलेली. सगळ्या थाळ्या संपल्यावर पिवळ्या निघालेल्या नंबरांची नावं जुळवायची होती. मोहल्ल्याचे नंबर मीच चिकटवले होते, ते मला पाठ होते. सर टेबलाशी बसले आणि मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. तशी का उभी राहिले ते मला सांगता येणार नाही. बाहेर धुकं होतं. परकोट नव्हता, रस्ता नव्हता, फक्त पांढरं पाणी. मोहल्ल्याचा पहिलाच नंबर वाचून सरांनी विचारलं, हा कोणाचा?

मी म्हटलं, माझा.

पुढची नावंही मीच घेतली, न वळता. ती इथे लिहिणार नाही. ज्याचं त्याला सर स्वतः येऊन सांगतील, आणि तोवर तू कोणाला विचारू नकोस. माझ्याबद्दल जे नक्की माहीत आहे ते एवढं: आजार माझ्या रक्तात येऊन गेला आहे किंवा अजून आहे. शंभरातल्या वीस-पंचवीस जणांचं शरीर त्याला आपणच घालवून देतं. माझ्या शरीराने घालवला की नाही, यासाठी दुसरा नमुना मुंबईला गेला आहे, निकाल यायचा आहे. मला काही होत नाही. थकवाही नाही. औषध आहे, पण महाग आहे, लांबलचक आहे, आणि सगळ्यांना लागू पडत नाही. एका ताटात जेवून तो जात नाही, पाण्यातून, मासोळीतून जात नाही. नवरा-बायकोत क्वचितच जातो. आईकडून बाळाला शंभरात पाचेक वेळा जातो. दोन दंडांपैकी कोणत्या सुईतून, की कुठल्या आणखी वर्षीच्या सुईतून तो आला, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. म्हणून तुझा वाटा डोक्यावर घेऊ नकोस. तो मी मागून घेतला होता.

दिवाळीत पाळीवर तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी उत्तर न देता बस पकडली. मोहल्ल्यात म्हणतात, दामिनी शिकून आखडली. तसं नव्हतं. मला उत्तर त्याच वेळी माहीत होतं, ते 'हो' होतं. फक्त तोंडाने म्हणायला वेळ लागत होता, मला सगळ्यालाच लागतो. पुढच्या वेळी येईन तेव्हा सांगेन असं ठरवलं होतं. पुढच्या वेळी आले तेव्हा तू डोंग्यात होतास, आणि त्यानंतर थाळी पिवळी झाली. आता तो प्रश्न तुला हे सगळं ठाऊक असताना विचारायचा की नाही, ते तू ठरवायचं आहेस, म्हणून हे पत्र. तुझं रक्त स्वच्छ निघालं तर मोहल्ल्याचं भलं होईल, रोशनीचं होईल, आणि आपल्या दोघांत ही एक गोष्ट कायम उभी राहील. स्वच्छ निघालं नाही तर माझा तर्क लंगडा पडेल, आणि आपण दोघं एका ओळीत येऊ. कोणतं व्हावं, असं मी स्वतःला विचारलं. स्वच्छ निघावं, हे पक्कं आहे. पण परवा सकाळी परकोट तरंगत होता तेव्हा, एक क्षणभर, मला दुसरं हवंसं वाटलं. ते खरं आहे म्हणून लिहिते, आणि पुन्हा लिहिणार नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमची गाडी कुरखेड्याला येते आहे, मी तिच्यात असेन, आणि माझा हात भैयाजींइतका हलका नसला तरी सुई नवी असेल. रक्त द्यायला येणार का, आणि दिवाळीतला प्रश्न अजून तुझा आहे का, या दोन्हींचं उत्तर ५ फेब्रुवारीपर्यंत पाठव.

पुन्हा विचारलास तर तुझीच, नाहीतर शेजारची,
दामिनी